गरजेपुरती उघडलेली दारे

(जागतिक महिला दिनानिमित्त झालेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



‘स्त्रिया आणि युद्ध’ या विषयावर बोलण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक, युद्धाच्या वणव्यात होरपळलेल्या स्त्रियांची दुःखे सांगण्याची. दुसरी, हाती शस्त्र घेऊन लढलेल्या वीरांगनांचे पोवाडे गाण्याची. दोन्हींचे महत्त्व आहेच. परंतु या दोहोंच्या मधोमध एक तिसरी हकीकत आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. युद्ध पेटले, पुरुष आघाडीवर गेले, मागे माणसांची चणचण भासू लागली, की आजवर ज्या दारांवर स्त्रियांनी कितीही धडका मारल्या तरी ती हलली नव्हती, ती एका रात्रीत उघडतात. युद्ध संपले, पुरुष परतले, की तीच दारे हलक्या हाताने पुन्हा लोटली जातात. हक्क म्हणून उघडलेले दार आणि गरज म्हणून उघडलेले दार यांत फरक कोणता, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. तो मी एका स्त्रीच्या आयुष्याच्या आधारे मांडणार आहे. त्या स्त्रीचे नाव ग्रेस हॉपर.

हॉपरबाई अमेरिकेच्या नौदलात १९४३ मध्ये दाखल झाल्या आणि १९८६ मध्ये रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. समाजवादी व्यासपीठावर अमेरिकन नौदलातील एका अधिकाऱ्याचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल आणि तो येणे रास्त आहे. १९७१ च्या डिसेंबरात बांगला देशाचे युद्ध ऐन भरात असताना ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडून ज्यांनी आपल्याला धाक घातला, ते हेच नौदल. त्याचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु ज्या व्यवस्थेशी आपला झगडा आहे, तिच्या पोटात राहून एखाद्या माणसाने केलेले काम साऱ्या मानवजातीच्या ठेव्यात जमा होते, आणि त्याच वेळी त्या व्यवस्थेचा न्याय-अन्यायही त्याच्या आयुष्यात स्वच्छ दिसतो. हॉपरबाईंचे आयुष्य तसे आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील विमाव्यवसायात होते. मुलींनाही मुलासारखेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सात वर्षांच्या या मुलीने घरातील गजराची सात घड्याळे, आत काय चालते हे पाहण्यासाठी, एकामागून एक खोलून ठेवली, ही गोष्ट पुढे बरीच प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला तो १९२० मध्ये. तेव्हा ही मुलगी तेरा वर्षांची होती. म्हणजे ज्या देशात तिचा जन्म झाला त्या देशात तिची आई पूर्ण नागरिकही नव्हती. व्हॅसार या स्त्रियांच्या महाविद्यालयातून १९२८ मध्ये गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन ती पदवीधर झाली, आणि १९३४ मध्ये, महामंदीच्या ऐन काळात, येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट तिने मिळविली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या अध्यापकाशी तिचा विवाह झाला. १९४५ मध्ये तो घटस्फोटाने संपला, परंतु नाव मात्र जन्मभर हॉपरच राहिले. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवीत होत्या. शांततेचा काळ तसाच चालू राहिला असता, तर एका चांगल्या प्राध्यापिकेचे आयुष्य जगून त्या निवृत्त झाल्या असत्या आणि आज त्यांचे नाव घेण्याचे कारणही पडले नसते.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या वर्षी, ३० जुलै १९४२ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली आणि नौदलाच्या राखीव दलात स्त्रियांचा विभाग निघाला. या विभागाचे नाव मोठे बोलके आहे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याला ‘वेव्ज’, म्हणजे लाटा, असे म्हणत. पण पूर्ण नावाचा अर्थ होता ‘आणीबाणीच्या स्वेच्छासेवेसाठी स्वीकारलेल्या स्त्रिया’. नाव सुचविणाऱ्या प्राध्यापिका एलिझाबेथ रेनार्ड यांनी त्यातील खुबी पुढे मोकळेपणाने सांगितली आहे. नौदलातील वयोवृद्ध अॅडमिरलांना स्त्रिया नको होत्या. ‘आणीबाणी’ हा शब्द वाचून त्यांना धीर यावा, ही पीडा कायमची नाही असे वाटावे, म्हणून तो शब्द घातला होता. ‘आणीबाणी’ हा शब्द आपल्या कानांना १९७५ पासून फार वेगळा लागतो. नागरिकांचे हक्क काढून घेण्यासाठी तो वापरला जातो, हे आपण भोगले आहे. इथे तोच शब्द एका वर्गाला दार तात्पुरते उघडून देण्यासाठी वापरला गेला. दोन्हीकडे गृहीत धरलेली गोष्ट एकच : हक्क हा माणसाचा नव्हे, तो राज्यकर्त्यांच्या मर्जीचा, काळ पाहून द्यायचा, काळ पाहून घ्यायचा.

आणि ‘स्वीकारलेल्या’ हा शब्द तरी खरा होता काय? युद्धकाळात ८० हजारांहून अधिक स्त्रिया या विभागात आल्या. पण पहिली दोन वर्षे कृष्णवर्णी स्त्रीला तेथे प्रवेशच नव्हता. लोकशाहीच्या रक्षणासाठी चाललेल्या युद्धात ही भिंत पडली ती ऑक्टोबर १९४४ मध्ये. त्यानंतर हॅरिएट पिकन्स आणि फ्रान्सिस विल्स या पहिल्या दोन कृष्णवर्णी अधिकारी डिसेंबर १९४४ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या प्रशिक्षणशाळेतून बाहेर पडल्या. त्याच वर्षी त्याच शाळेतून हॉपरबाईही पहिल्या क्रमांकाने बाहेर पडल्या होत्या. गरजेने उघडणारे दारसुद्धा सर्वांना एकाच वेळी उघडत नाही; उतरंडीत जो खाली, त्याच्यासाठी ते शेवटी उघडते. आपल्या समाजात ही गोष्ट कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

स्वतः हॉपरबाईंनाही नौदलाने आधी नाकारले होते. वय पस्तिशीच्या घरात, म्हणजे जास्त; वजन १०५ पौंड, म्हणजे नियमापेक्षा १५ पौंड कमी; शिवाय गणिताची प्राध्यापिका म्हणून त्या आहेत तेथेच उपयोगी. त्यांनी हट्ट सोडला नाही. वजनाच्या अटीतून खास सूट मिळविली, महाविद्यालयातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणानंतर जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठविण्यात आले. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या देखरेखीखाली ‘मार्क १’ नावाचे ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचे गणनयंत्र नौदलासाठी रात्रंदिवस चालत होते. सेकंदाला तीन बेरजा, ही त्याची गती. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. हॉपरबाई त्या यंत्राच्या पहिल्या काही आज्ञाकारांपैकी एक झाल्या. त्या यंत्राची ५६१ पानांची माहितीपुस्तिका हे मुख्यतः त्यांचेच काम.

येथे मला थोडे थांबायचे आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये जॉन फॉन नॉयमन हे थोर गणिती एक समीकरण घेऊन हार्वर्डला आले. गोलाच्या केंद्राकडे चहूबाजूंनी कोसळणाऱ्या स्फोटलहरीचे ते गणित होते. यंत्रावरील मंडळींना समीकरण सांगितले गेले. ते कशासाठी आहे हे सांगितले गेले नाही. त्यांनी ते मन लावून सोडविण्यास मदत केली. त्या गणिताचा अर्थ जगाला कळला तो ९ ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकी शहरावर प्लुटोनियमचा बाँब पडला तेव्हा. त्या बाँबची रचना नेमकी याच तत्त्वावर होती.

मित्रहो, एका व्यक्तीवर ठपका ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. श्रम करणाऱ्याला त्याच्या श्रमाच्या फळापासून तोडले जाते, हे कारखान्यातील मजुराबद्दल आपण नेहमी म्हणतो. परंतु विसाव्या शतकाने हे तोडणे थेट प्रयोगशाळेत नेले. डॉक्टरेट मिळविलेली गणितज्ञ स्त्रीसुद्धा तेथे एका लांबलचक कामाच्या साखळीतील एक कडी झाली. समीकरण तिचे, उद्देश दुसऱ्याचा. ज्या दाराने ज्ञानी स्त्री आत आली, त्या दाराची किल्ली सेनापतींच्या खिशात होती. आत कोणते काम चालावे हे ठरविण्याचा अधिकार प्रवेशाबरोबर मिळाला नव्हता. स्त्रियांना केवळ प्रवेश मिळाला म्हणजे समता आली, असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

युद्ध संपले. हॉपरबाईंनी नियमित नौदलात कायम होण्यासाठी अर्ज केला. वय ३८, म्हणजे मर्यादेबाहेर, असे कारण देऊन तो नाकारण्यात आला. व्हॅसारने पूर्ण प्राध्यापकपद देऊ केले होते. ते सोडून त्या नौदलाच्या कंत्राटावर संशोधक म्हणून हार्वर्डमध्ये १९४९ पर्यंत राहिल्या आणि राखीव दलातील आपली जागा त्यांनी टिकविली. त्या एकट्याच दाराबाहेर राहिल्या असे नव्हे. जहाजांच्या गोद्यांतून, विमानांच्या कारखान्यांतून लाखो अमेरिकन स्त्रियांना घरी धाडण्यात आले. कालपर्यंत भित्तिपत्रकांवर बाहीवर करून उभी असलेली कामकरी स्त्री आता स्वयंपाकघरातल्या नव्या शेगडीजवळ हसताना दाखविली जाऊ लागली. आपल्याकडे म्हण आहे, गरज सरो, वैद्य मरो. वैद्य स्त्री असली तर ती म्हण अधिकच खरी होते. १२ जून १९४८ च्या कायद्याने अमेरिकेच्या सैन्यदलांत स्त्रियांना कायम स्थान मिळाले. पण एकूण संख्येच्या दोन टक्क्यांची कमाल मर्यादा घालून आणि वरचे हुद्दे बंद ठेवून. ही मर्यादा उठली १९६७ मध्ये. व्हिएतनाममध्ये पुन्हा माणसे कमी पडू लागली होती, हा केवळ योगायोग समजायचा काय?

ही वर्षे हॉपरबाईंना व्यक्तिशः फार कठीण गेली. विवाह मोडलेला, पुढचे स्थान अनिश्चित. त्या मद्याच्या आहारी गेल्या होत्या. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी हे लपविलेले नाही आणि लपविण्याचे कारणही नाही. त्यातून त्या सावरल्या, त्या कामाच्या बळावर आणि मित्रांच्या आधारावर.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. तेथे ‘युनिव्हॅक’ हा व्यापारी संगणक तयार होत होता. त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य येथे सुरू होते. ते नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी संगणकाला प्रत्येक आज्ञा आकड्यांत द्यावी लागे. आकडेही आपले दशमान नव्हेत. काही यंत्रांवर आठाच्या पटीत मोजावे लागे. हॉपरबाई त्यात इतक्या मुरल्या की घरच्या बँकखात्याची वजाबाकीही आठाच्या पटीत करू लागल्या आणि हिशेब काही केल्या जुळेना. शेवटी त्यांच्या भावाने चूक हुडकली. या अनुभवातून त्यांनी जो प्रश्न उभा केला, तो वरकरणी साधा पण मुळाला हात घालणारा होता. यंत्र माणसासाठी आहे, तर यंत्राची भाषा माणसाने का शिकावी? माणसाची भाषा यंत्रानेच का शिकू नये? भाषांतराचे कंटाळवाणे काम यंत्राकडेच का सोपवू नये?

१९५२ मध्ये त्यांनी अशी एक आज्ञावली तयार केली. नेहमी लागणाऱ्या गणिती कृतींना क्रमांक देऊन त्या साठवून ठेवायच्या आणि क्रमांक सांगितला की यंत्राने स्वतःच त्या शोधून, जुळवून, चालण्याजोगा प्रोग्रॅम सिद्ध करायचा. यालाच पुढे कंपायलर म्हणू लागले. यंत्राला फक्त अंकगणित येते, त्याला हे जमणार नाही, असे त्यांना जाणत्यांकडून ऐकावे लागले. त्या पुढे गेल्या. पगारपत्रक करणारा कारकून गणिती नसतो; त्याला चिन्हे नकोत, शब्द हवेत, हे त्यांनी ओळखले आणि इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा तयार केली.

त्या वेळची एक घटना आपल्यासारख्या भाषिक समाजाने तर कायम ध्यानात ठेवावी. आपली पद्धत किती लवचीक आहे हे वरिष्ठांना पटविण्यासाठी हॉपरबाईंच्या गटाने तोच छोटा प्रोग्रॅम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखविला. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही भाषा सारख्याच. अक्षरांचे ठरावीक साचे ओळखायचे, इतकेच त्याचे काम. वरिष्ठ मंडळी मात्र अस्वस्थ झाली. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला जर्मन कसे काय समजेल, हे त्यांना झेपेना. यापुढे प्रोग्रॅम इंग्रजीतच राहतील असे आश्वासन हॉपरबाईंना द्यावे लागले. म्हणजे संगणकाची मातृभाषा इंग्रजी आहे हा निसर्गनियम नव्हे. तो एका कंपनीच्या कचेरीत, महायुद्ध आणि शीतयुद्ध यांच्या सावटाखाली झालेला निर्णय आहे. यंत्राला मातृभाषा नसते. ती मालकाला असते. मराठीतून ज्ञान-विज्ञान येऊ शकत नाही, भाषाच दुबळी आहे, असे जेव्हा कोणी आपल्याला ऐकवतो, तेव्हा दुबळी भाषा आहे की भाषिकांची सत्ता, हे त्याला विचारले पाहिजे.

१९५९ मध्ये सरकार, उद्योग आणि संगणक कंपन्या यांनी एकत्र येऊन व्यवहारासाठी एक समान भाषा तयार करण्याचे ठरविले. ती ‘कोबोल’. हॉपरबाईंना तिची जननी म्हणण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी बरोबर नाही. ज्या बैठकांतून कोबोल निघाली त्यांची कल्पना मुळात मेरी हॉझ यांनी मांडली. प्रत्यक्ष रचना समितीने केली आणि तीत जीन सॅमेट यांच्यासारख्या स्त्रिया अग्रभागी होत्या. पाया मात्र बराचसा ‘फ्लो-मॅटिक’चा होता. इतिहासाला एकच जननी लागते. सामूहिक श्रमांची नोंद ठेवणे त्याला जिवावर येते. आपण तरी ती चूक करू नये.

त्याआधीच्या काळात तर ‘कंप्युटर’ हा शब्दच यंत्राला नव्हे, माणसाला, आणि बहुधा कागद-पेन्सिल घेऊन तोफांची कोष्टके मांडणाऱ्या स्त्रीला उद्देशून वापरीत. ‘एनिअॅक’ हे यंत्र ज्या सहा तरुणींनी चालते केले, त्यांना १९४६ च्या उद्घाटनानंतरच्या मेजवानीचे निमंत्रणसुद्धा नव्हते. प्रोग्रॅम लिहिणे हे तेव्हा कारकुनी, म्हणून बायकी, म्हणून स्वस्त काम होते. जसजशी त्यातील किंमत आणि सत्ता दिसू लागली, तसतसे ते पुरुषी झाले. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत १९८४ च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत पोचले होते. २०१० च्या सुमारास ते १८ टक्क्यांवर आले. प्रगतीची रेषा आपोआप वर जात नाही, हे सांगणारा याहून स्पष्ट आकडा मिळणे कठीण.

या कामाचा धागा आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यांना कडवा विरोध केला. त्या विरोधाची आज थट्टा होते. परंतु त्यामागचा प्रश्न थट्टेचा नव्हता : यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार, मालकाच्या की कामगाराच्या? जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकी भागभांडवलाची अट मान्य न करणाऱ्या आय.बी.एम.ने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. त्यानंतर वीस वर्षांनी चक्र उलटे फिरले. जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचविण्यासाठी वर्षाचे केवळ शेवटचे दोनच अंक लिहिलेले असत. २००० साल उजाडताच सारे हिशेब कोलमडतील अशी भीती निर्माण झाली. त्यांतले कितीतरी प्रोग्रॅम कोबोलमध्ये होते. ते तपासण्याचे किचकट, कंटाळवाणे काम अमेरिकेने भारताकडे दिले आणि मुंबई, पुणे, बंगळूरचे हजारो तरुण रात्री जागवून ते करू लागले. त्यातून एक उद्योग उभा राहिला हे खरे. पण कमी मोबदल्याचे, नाव न होणारे काम उतरंडीत खाली सरकवायचे ही रीत तीच होती. पूर्वी ते स्त्रीकडे सरकले, आता ते आपल्याकडे सरकले.

पुन्हा हॉपरबाईंकडे वळू. १९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, कमांडर या हुद्द्यावर असताना नौदलाने त्यांना निवृत्त केले. तो आपल्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस होता, असे त्या पुढे सांगत. सातच महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. संगणकभाषांतील गोंधळ कोणाला आवरत नव्हता. सहा महिन्यांचा तो हुकूम पुढे बेमुदत झाला. त्या वर्षाअखेर व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे जवळजवळ पाच लाख सैनिक होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती, १९७२ मध्ये पुन्हा बोलावणे. १९७३ मध्ये कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर, १९८५ मध्ये रिअर अॅडमिरल. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन येथे, १७९७ मध्ये जलावतरण झालेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि अमेरिकेच्या सैन्यदलांतील सर्वांत वृद्ध सेवारत अधिकारी होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

अखेरची वर्षे त्यांनी शिकविण्यात घालविली. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटीत आणि एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढे अंतर कापते, असे सांगत. उलट्या दिशेने फिरणारे, पण वेळ अचूक दाखविणारे घड्याळ त्यांनी आपल्या खोलीत लावले होते. ‘आजवर असेच चालत आले आहे’ या युक्तिवादाला ते उत्तर होते. परंतु स्त्रीमुक्ती चळवळीशी त्यांनी स्वतःला जोडून घेतले नाही. नौदलाने आपल्याला सर्व काही दिले, अशीच त्यांची भावना होती. अपवादात्मक कर्तृत्वाच्या माणसाला दार पुनःपुन्हा उघडले जाते. त्यामुळे दाराला कडी आहे हे त्याला दिसेनासे होते. १९६७ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकन मासिकात संगणकक्षेत्रातील मुलींवर लेख आला, त्यात हॉपरबाईंनी प्रोग्रॅम रचण्याची तुलना मेजवानीच्या तयारीशी केली होती. मुलींनी भिऊ नये हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण स्त्रीच्या बुद्धीला प्रवेश मिळविण्यासाठी स्वयंपाकघराचा दाखला दाखवावा लागत होता, हे त्यातून अधिक दिसते.

मरणोत्तर सन्मान पुष्कळ झाले. २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २०१७ मध्ये येल विद्यापीठाने गुलामगिरीचे उघड समर्थन करणाऱ्या जॉन कॅल्हून यांचे नाव एका निवासी महाविद्यालयावरून काढून तेथे हॉपर यांचे नाव दिले. या सर्वांत मला हा बदल अर्थपूर्ण वाटतो. पण नौदलानेही १९९७ मध्ये एक क्षेपणास्त्रवाहू विनाशिका त्यांच्या नावाने सेवेत आणली, आणि ती जानेवारी २००८ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीत इराणी बोटींपुढे उभी ठाकली होती. माणसाची भाषा यंत्राला शिकविणाऱ्या स्त्रीचे नाव महाविद्यालयाला शोभते, की माणसे मारणाऱ्या यंत्राला, याचा निर्णय मी आपल्यावर सोपवितो.

आता आपल्या घरात डोकावू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी भारतातही नौदलाची महिला शाखा काढली होती. तिच्यातील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये अभ्यासासाठी ब्रिटनला जाऊन आल्या. युद्ध संपले आणि ती शाखाही संपली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’वर नाविकांनी उठाव केला, गिरणगाव त्यांच्या पाठीशी रस्त्यावर आला, परळच्या गोळीबारात कमल दोंदे बळी पडल्या. त्या उठावाचे आपण स्मरण करतो ते नाविकांचे; नौदलातल्या आणि नौदलासाठी रस्त्यावर आलेल्या स्त्रिया मात्र आपल्या स्मरणातून निसटतात. स्वतंत्र भारताच्या नौदलाने वैद्यकीय शाखेबाहेर स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतले ते १९९२ मध्ये. स्वातंत्र्यानंतर ४५ वर्षांनी आणि तेही ठरावीक मुदतीसाठी. कायम नेमणुकीसाठी महिला अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तेथे सरकारच्या वतीने असेही सांगण्यात आले की रशियन बनावटीच्या काही जहाजांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे नाहीत! १७ मार्च २०२० रोजी न्यायालयाने हे युक्तिवाद फेटाळले आणि समान वागणूक हा हक्क आहे असे बजावले. स्वच्छतागृह नाही म्हणून मुलीची शाळा सुटते, त्याच देशात स्वच्छतागृह नाही म्हणून अधिकारी स्त्रीची बढती सुटत होती.

मार्च २०२३ मध्ये ओडिशातील ‘चिल्का’ येथून नाविक म्हणून प्रशिक्षण पुरे केलेल्या पहिल्या मुली बाहेर पडल्या. त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. पण त्या आल्या अग्निवीर म्हणून. चार वर्षांच्या करारावर, आणि त्यानंतर फार तर चारातल्या एकाला कायम करण्याच्या अटीवर. खेड्यापाड्यांतील मुलामुलींना देशाने दार उघडले आहे खरे, पण ते पुन्हा गरजेपुरते. १९४२ च्या त्या नावातला ‘आणीबाणी’ हा शब्द आता नाही. त्याचा आशय मात्र सेवाशर्तींत जाऊन बसला आहे.

मित्रहो, हॉपरबाईंच्या आयुष्याकडे मी असे पाहतो. त्यांची बुद्धी युद्धाने निर्माण केली नाही. ती आधीपासून होती, युद्धाने फक्त तिची गरज निर्माण केली. मग शांततेच्या काळात अशा किती बुद्धी बंद दारांआड विझून जातात, याचा हिशेब कोण देणार? लढाईची वाट न पाहता दारे उघडी ठेवणारा समाज आपल्याला घडवायचा आहे. ती दारे कायमची उघडी असली पाहिजेत, उतरंडीतल्या शेवटच्या मुलीसाठीही त्याच दिवशी उघडली पाहिजेत, आणि आत गेल्यावर कोणते समीकरण कशासाठी सोडवायचे हे विचारण्याचा अधिकार तिला असला पाहिजे. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. तिच्यासाठी झगडणे हेच समाजवादी चळवळीचे काम आहे, कारण पहिल्या दोन अटी मान्य करणारेही या तिसरीपाशी येऊन थांबतात.